न सापडलेल्या ओळी

मशीनने शोधून काढलेल्या ओळी चांदणीबाई वाचतच नसत. मशीनला न सापडलेल्या ओळी मात्र त्या कागदावर छापून घेत, एकेका ओळीखाली लाकडी पट्टी धरत आणि पुटपुटत वाचत. "सापडलं ते मशीनचं गो. सुटलं ते आपलं," असं त्या सारखं म्हणत.

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. एका रक्तपेढीचे कॉम्प्युटर प्रोग्राम जुन्या बेसिक भाषेतून सी भाषेत आणायचे होते. त्यांची एकेक ओळ वाचून ती नव्या भाषेत लिहिण्यासाठी आम्हा चार मुलींना घेतलं होतं. दोन महिन्यांनी साहेबांनी बाईंना आणलं. त्या आधी मुलुंडच्या एका शाळेत गणित शिकवत. पहिल्याच दिवशी त्यांनी कंस, ठिपके आणि चांदणीच्या चिन्हांची एक विचित्र ओळ टाइप केली, आणि आमचं आठवड्याचं काम चहा निवायच्या आत झालं. चांदणीबाई हे नाव त्याच दुपारी पडलं.

मी थक्क झाले आणि पेटलेही. गिरणी बंद पडून बाबा घरी बसलेले. मी वाचायला शिकले तीच त्यांच्या युनियनच्या पत्रकांवर. जेवणाच्या सुट्टीत बाईंसमोर जाऊन उभी राहिले. "तुमच्या एका ओळीने आम्हा चौघींच्या पोटावर पाय येतोय, कळतंय ना?"

"कळतंय," त्या शांतपणे म्हणाल्या. "डबा घेऊन इकडे बस. तुलाही शिकवते."

त्या म्हणत, मशीनला शब्द सांगू नकोस, शब्दाची ठेवण सांग. आधी हे अक्षर, मग कितीही आकडे, मग कंस. अशी ठेवण, म्हणजे पॅटर्न, सांगितली की हजारो ओळींतून नेमक्या तेवढ्याच ओळी उभ्या राहत. मला ती जादूच वाटे. ठिपका आणि त्याच्यापुढे चांदणी म्हणजे 'काहीही, कितीही'. ही जोडी मी जिथेतिथे वापरायची. बाई ती खोडायच्या. "आळशी माणसाचं काम. सगळं गिळते, आणि काय गिळलं ते सांगत नाही."

माझी चूक मात्र वेगळीच होती. बेसिकमध्ये 'हे त्याच्या बरोबर आहे का?' असं विचारायलाही एकच बरोबरचं चिन्ह, आणि 'हे त्याच्या बरोबर कर' असं सांगायलाही तेच. सीमध्ये विचारायचं असेल तर चिन्ह दोनदा लिहावं लागतं. प्रश्नाच्या सगळ्या ओळी शोधून तिथे ते दुप्पट करणारा पॅटर्न मी स्वतः लिहिला, चालवला आणि ओरडले, "झालं! सगळं बदललं!"

साहेब मागेच उभे होते. "झकास! मग आता या मुलींना काय काम? शनिवारनंतर येऊ नका म्हणावं."

माझ्या हातून आमच्या चौघींचीच वाट लागली होती. चौघींतली शुभांगी माझ्याकडे बघेना. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच.

बाईंनी फक्त विचारलं, "सुटलेल्या ओळी छापल्यास?" नव्हत्या छापल्या. त्यांनी छापल्या, चौघींना कागद वाटले, चार पट्ट्या दिल्या. शनिवारी दुपारी शुभांगीचं बोट एका ओळीवर थांबलं. "बाई, इथे चिन्ह एकच आहे."

जुन्या प्रोग्रामवाल्याने मेमरी वाचवायला त्या ओळीत मोकळी जागाच सोडली नव्हती. माझा पॅटर्न चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा शोधत होता, म्हणून ती ओळ निसटली. तिथे बाटलीतल्या रक्ताचा गट रुग्णाच्या गटाशी जुळतो का, हे विचारायचं होतं. आता मशीन विचारणारच नव्हतं. बाटलीचा गट रुग्णाचाच आहे असं स्वतः ठरवून, दरवेळी 'जुळतो' म्हणून सांगणार होतं.

बाई कागद घेऊन साहेबांकडे गेल्या. दार उघडंच होतं.

"एकच ओळ ना बाई? सुधारा आणि द्या पाठवून."

"एक सापडली. बाकीच्या कोण शोधणार? तुम्ही?"

"सोमवारी द्यायचंय हो!"

"मग 'तपासलं' म्हणून माझी सही नसताना द्या. रक्तपेढी घेते का बघा." त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि खुर्ची ओढून तिथेच बसल्या. साहेबांनी कागद ओढून घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. शेवटी साहेब म्हणाले, "महिनाभर. चौघीही राहू देत."

त्या महिन्यात आम्हाला अशा आणखी तीन ओळी सापडल्या. त्यानंतर आम्हाला कोणी जा म्हणालं नाही. बाई मात्र वर्षभराने पुन्हा शाळेत गेल्या. "मशीन चुका करतं, पण लाजत नाही. पोरं लाजतात तरी," म्हणाल्या.

मी आता एका युनियनसाठी पत्रकं लिहिते. गेल्या महिन्यात कंत्राटी कामगारांवरचं एक पत्रक दाखवायला मुलुंडला त्यांच्या घरी गेले. उपनगरांतल्या सर्व कामगारांना हाक घातली होती, भाषा चांगलीच तापलेली. बाईंनी तपासायचे पेपर बाजूला सारले, पट्टी काढली, ओळीओळीने वाचलं. लाल पेन्सिल 'सर्व' या शब्दाखाली थांबली.

"देवनारच्या डंपिंगवर कचरा वेचणाऱ्या बायका यात धरल्यास?"

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मागण्यांत त्यांच्यासाठी एक ओळसुद्धा नव्हती.

पत्रक त्याच दिवशी छापखान्यात द्यायचं होतं. मी ते घडी करून पिशवीत ठेवलं आणि देवनारची बस पकडली.