अळीला फुटलेला कापूस

अकोल्याला शेतीचं शिक्षण संपल्यावर मी आणि माझ्या वर्गातला एक मित्र, आम्ही अचलपुरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. शिजवलेल्या तांदळावर पांढरी बुरशी वाढवायची, वाळवून तिची भुकटी करायची, असा आमचा धंदा. ही बुरशी अळीच्या अंगावर रुजते आणि तिला आतून खाते. माणसाला तिचा त्रास नसतो. त्या वर्षांत विषारी फवारणीने वऱ्हाडात माणसं दगावत होती, म्हणून आम्हाला या कामाचा फार अभिमान होता.

पहिली पुडी नेली माझ्या आत्याने. अंजनगावजवळ ती एकटीच तूर करायची.

"अळ्या मरून काहून नाई राहिल्या?" दोन दिवसांतच तिचा फोन.

"थांब थोडी, आत्या."

आठवड्याभराने तिने मला वावरात बोलावलं. शेंगेला चिकटलेली अळी पांढरीफटक झाली होती. आत्या हसली. "हे तं अळीलेच कापूस फुटला व माय."

पण थांबायला सगळे तयार नव्हते. दुकानदार पुड्या परत पाठवायचे. सकाळी फवारलं की संध्याकाळी अळी मेलेली पाहिजे, एवढंच गिऱ्हाईक मागतं, म्हणायचे. मित्र परत आलेल्या पुड्या मोजून वहीत लिहायचा.

पुढच्या हंगामात माल अचानक खपू लागला. मी खूश होते. मग एका संध्याकाळी आत्याचा फोन आला. "औंदा तुयं औषध लय जोरदार हाय. आजच फवारलं, अन् समद्या अळ्या खाली पडल्या."

बुरशी इतक्या लवकर मारत नाही.

"आत्या, आधी आंघोळ कर. कपडे बदल."

"काहून? तूच तं म्हने, उघड्या हातानं कालवलं तरी चालते." तिची जीभ जड झाली होती.

शेजाऱ्यांनी तिला अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा तिच्या तोंडाला फेस होता. डॉक्टर म्हणाले, कीटकनाशकाची विषबाधा आहे.

मित्राला विचारलं, तर त्याने नाकारलं नाही. "मिसळलं मी. लोकायले विषच पायजे, फक्त पुडीवर लिहेलं नाई पायजे."

मी तक्रार केली. तपासणीवाले आले तोवर त्याने खोल्या धुऊन काढल्या होत्या. त्यांना शुद्ध बुरशी सापडली. परवाना त्याच्या नावावर होता, धंदा त्याच्याकडेच राहिला. अजून चालतो, जोरात.

आत्या वाचली, पण तिचे हात थरथरतात. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागतो. नंतर एकदा मी तिच्यासाठी दुसरी बुरशी नेली, तुरीचं मूळ सांभाळणारी, माझ्या हाताने वाढवलेली. तिने पिशवी उघडून बराच वेळ हुंगली.

"तुयावर भरोसा हाय मले," ती म्हणाली. "पन हे वावरात नको टाकू."

मी पिशवी उचलली आणि एसटीसाठी निघाले. दारापर्यंत सोडायला ती उठली नाही.