मंगलाच्या खोलीतलं ऊन

देवळीच्या बसस्टँडवरून आम्ही दोघी एकाच सकाळी निघालो. थंडीचे दिवस होते. धुकं इतकं, की बस कुठली आणि माणूस कोण हे अगदी जवळ आल्यावरच कळायचं. मी वर्धेच्या बसमध्ये बसले. तिथून रेल्वेनं पुण्याला, शिकायला. माझी मैत्रीण मंगला पुलगावच्या बसमध्ये. तिथून पुढं एका बाईबरोबर, कामाला. दोघींच्या आया भाजीच्या टोपल्या खाली ठेवून उभ्या होत्या. "पोचली का फोन करजो," दोघींनी एकच सांगितलं. मी केला. मंगलाचा आला नाही.

ती सकाळ मला अजून स्वप्नात दिसते. धुक्यातून दोन्ही बस शेजारीशेजारी चालतात, मंगला खिडकीतून काहीतरी सांगते आणि मला ऐकू येत नाही. जाग येते तेव्हा पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ओल्या मेथीचा वास असतो. तो स्वप्नातला की खरा, हे ठरवायच्या भानगडीत मी आता पडत नाही.

त्या बाईला आम्ही काकू म्हणायचो. दर बाजाराच्या दिवशी ती सकाळीच यायची आणि मंगलाच्या आईकडून, रुखमामावशीकडून, दिवसाची पहिली भाजी घ्यायची. आम्हा भाजीवाल्यांना कितीही शिकवा, बोहनीला घासाघीस न करणारं गिऱ्हाईक म्हणजे देवमाणूस, हे काही आमच्या डोक्यातून जात नाही. काकूनं कधी भाव केला नाही. मंगलाला शिलाईच्या कारखान्यात लावून देते, असं ती म्हणाली तेव्हा मावशीनं मला विचारलं. कॉलेजात जाणारी म्हणून माझ्या शब्दाला वजन.

"कशी वाटते व तुले थे बाई?"

"चांगली हाये मावशी. भाव तरी करते का कधी?"

हे माझं शहाणपण. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पुढं मी पुण्यातच राहिले. शहराच्या जुन्या पेठेत धंदा करणाऱ्या बायांसाठी एक संस्था दवाखाना चालवते, त्यांची कागदपत्रं करून देते. तिथं मला नोकरी लागली. मंगलाला शोधायलाच मी या कामात आले, असं लोकांना वाटतं आणि मीही वाटू देते. खरं म्हणजे नोकरी मिळाली म्हणून आले. एका दुपारी दवाखान्याच्या रांगेतून आवाज आला, "मले आधी जाऊ दे ना व, माहं पोट दुखून राह्यलं." ही बोली देवळीची. मी वळून पाहिलं. इतक्या वर्षांनी मंगला समोर उभी होती.

ती रडली नाही, मीच रडले. कारखाना नव्हताच. काकूनं तिला परराज्यात विकलं. दोनदा पळाली, दोनदा सापडली. तिसऱ्यांदा सुटली आणि पुण्यात आली. दुसरं काम कोणी देईना, म्हणून इथं स्वतःची खोली घेऊन तोच धंदा करत राहिली. तिनं एवढंच बजावलं, "आईले सांगू नको." मग दोन दिवाळ्या मी गावी जाऊन मावशीच्या डोळ्यांत बघून सांगितलं, की पत्ता लागला नाही. खोटं बोलायला मी शहरात शिकले असं म्हणायची सोय आहे, पण ते खरं नाही.

यंदा संस्थेत या धंद्याला कायद्यानं मान्यता द्यावी का, यावर मोठी मीटिंग झाली. एक बाजू म्हणाली, मान्यता मिळाली की बाईला डॉक्टर मिळेल, रेशनकार्ड मिळेल, पोलिसांची भीती जाईल. दुसरी म्हणाली, अहो, दुकानाला पाटी लागली की माल आणणारेही वाढतील. गावोगावच्या पोरी अजून विकल्या जातील. मी नंदीबैलासारखी दोन्हीकडे मान डोलवत होते. माझं मत लेखी द्यायचं होतं. शेवटी मंगलाला विचारलं.

ती तांदूळ निवडत होती. "मले आनलं, तो गुन्हा," ती म्हणाली. "मी इथं राह्यते, तो गुन्हा नाई. पन पोलीस आला का दडते मी, आनं काकू कुठंतरी बाजारात खुशाल फिरून राह्यली असंल. हे उलटं हाये. एवढं लिह्यजो." मी ते तसंच लिहून दिलं. मग थोड्या वेळानं, सुपातून वर न बघता, "आनं आता आईलेही सांगून टाक. लपून लपून थकली मी."

मी गावी गेले तेव्हा मावशी मळ्यात दोडके तोडत होती. आमच्याकडे दर वेलावर एक दोडका बियाण्यासाठी राखतात. त्याला चिंधी बांधतात, म्हणजे त्याला कोणी हात लावत नाही. लहानपणी आम्ही दोघींनी सगळ्यांच्या मळ्यातून चोऱ्या केल्या, पण चिंधीचा दोडका कधी तोडला नाही. या वेलावरची चिंधी मंगलाच्या निळ्या ओढणीची होती.

मळ्याच्या बांधावर, धुऱ्यावर बसून मी सगळं सांगितलं. मी चांगली म्हटलेली काकू, परराज्य, धंदा, माझं दोन वर्षांचं खोटं. मावशीनं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ती उठून वेलापाशी गेली.

"तिच्या खोलीत ऊन येते का?"

त्या खोलीत मी कैकदा गेले होते, चहा प्याले होते. माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. "मले मालूम नाई मावशी."

तिनं चिंधीचा वाळलेला दोडका तोडला, कानाशी खुळखुळवून पाहिला आणि चिंधीसकट माझ्या ओंजळीत दिला. "तिले देजो. आनं इचारजो."

घर सोडून गेलेल्यांनो आणि मागे राहिलेल्यांनो, घर कुठं असं विचारलं की मी पूर्वी देवळीचं नाव सांगायचे. आता वाटतं, आपल्या एका फोनची जिथं अजून वाट बघतात, तेवढंच घर.

पुण्याला परतून मी मंगलाच्या खोलीत तो दोडका दिला आणि मावशीचा प्रश्न विचारला. मंगलानं ती निळी चिंधी बोटांत धरली आणि कितीतरी वेळ सोडली नाही. मग उठून खिडकी उघडली. समोर भिंतच होती, पण भिंतीच्या वरच्या कडेवरून उजेडाची एक पट्टी आत येऊन ओट्यावर पडली होती. "सकाळी येते ऊन," ती म्हणाली. "घटकाभर येते. दोडक्याले पुरते का, आईले इचार."

"तूच इचार," मी म्हणाले, आणि नंबर लावून मोबाइल तिच्या हातात दिला.

पलीकडून हॅलो, हॅलो ऐकू येत होतं. मंगलानं मोबाइल दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"आई," शेवटी ती म्हणाली, "मंगला बोलून राह्यली. पोचली मी."