साडेबासष्टची जोडी

या जगात कोण किती किलोचं आहे हे माझ्या बायकोच्या मामांना नक्की ठाऊक असतं. कोण कोण आहे हे मात्र नसतं. सिंदेवाहीच्या धानबाजारात त्यांनी उभी हयात मापारी म्हणून काढली, म्हणजे येईल ते पोतं काट्यावर चढवायचं आणि वजन मोठ्यानं सांगायचं. पुढेपुढे काट्याची गरजच उरली नाही म्हणतात, नजर टाकली की आकडा बाहेर. निवृत्तीनंतर ही सवय माणसांवर उतरली. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगा पाहायला हेच मामाजी आले होते. नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही. मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि भाचीला म्हणाले, "एकाहत्तर हाय. चालते." तेव्हापासून मी त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकलेलं नाही. फोनवरसुद्धा "एकाहत्तर हायेत का घरी?" असंच विचारतात. तो आकडा त्यांनी नाव म्हणून ठेवला आहे. खरं वजन ते वेगळं सांगतात, आणि तेही चारचौघांत.

बाकी सगळ्या बाबतीत मात्र आनंदीआनंद. सोमवारचा उपास ते मंगळवारी धरतात आणि बुधवारी मामींशी भांडतात, की मला साबुदाणा का दिला नाही. स्वतःचं वय विचारलं तर "मोठा पूर आला त्या सालचा" म्हणतात, आणि पूर कोणता ते आठवत बसतात. सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला गेले ते शेजारच्या मांडवात शिरले, पंगतीत जेवले, आहेर दिला आणि समाधानानं घरी आले. "नवरी चांगली हाय, त्रेपन्नची," असं त्यांनी सांगितलं तेव्हा मामींना शंका आली, कारण आमची नवरी अंगानं भरलेली होती. असा माणूस रागावण्याच्या कामाचा नसतो. मी सुरुवातीला रागावून पाहिलं होतं, पण मामाजींनी "तुमी अडीच किलो उतरले, काऊन?" अशी इतक्या काळजीनं चौकशी केली की मीच त्यांना काय काय खातो ते सांगत बसलो.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांचा फोन आला. "एकाहत्तर, मले जोरबिंग कराचं हाय."

मला वाटलं, डॉक्टरनं कसली तरी तपासणी सांगितली असणार. मी विचारलं, कुठं दुखतंय? "दुखत नाई. गोळ्याचं काम हाय." मी म्हटलं, गोळ्या वेळेवर घेताय ना? "घ्याच्या नाईत, आत बसाचं हाय," मामाजी म्हणाले, आणि मी बायकोच्या हातात फोन दिला. तिनं अर्धा तास खर्ची घालून उलगडा केला तो असा. मूल गावाकडं जाणाऱ्या रोडवर एका रिसॉर्टनं टेकाडाच्या उतारावर झोर्बिंग सुरू केलं होतं. घरात मावणार नाही एवढा प्लास्टिकचा पारदर्शक चेंडू, आत माणूस बांधायचा आणि उतारावरून सोडून द्यायचा. मामाजींनी तो एसटीच्या खिडकीतून पाहिला होता. सत्तरीच्या आसपासच्या माणसाला त्यात का बसायचं असावं, हे तिलाही कळलं नव्हतं. पण मामाजी हट्टाला पेटले की मामीही हात टेकतात, आणि गाडी माझी असल्यामुळे निमूटपणे चंद्रपूरहून निघालो आणि मामाजींना त्यांच्या घरून घेतलं.

चेंडू सांभाळणारा माणूस चंद्रपूरचाच, आधी लग्नात मांडव घालायचा. त्यानं मामाजींना नीट समजावलं. "चाचा, अंदर दो जगा हाय, आमनेसामने. एकटे बसले तं गोळा तिरपा पळते. बराबर वजनाचा जोडीदार आना." मी पुढं झालो. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, पण जावईपण आडवं आलं. मामाजींनी माझ्याकडं पाहून मान हलवली. "तुमी नाई. तुमी पलटी माराल." मग त्या माणसानं फॉर्म काढून विचारलं, "किती?" मामाजी म्हणाले, "साडेबासष्ट." त्यानं ते वयाच्या रकान्यात लिहिलं आणि पासष्टपर्यंत चालतं म्हणाला. मी सांगू लागलो की अहो, ते वजन आहे. तो गोंधळला. "चाचा, वजन का उमर?" मामाजींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "दोन्हीत तेच लिवा."

मग मला म्हणाले, "पिपरीले चला."

सिंदेवाहीजवळच्या या पिपरीत त्यांचा जुना जोडीदार राहतो. बाजारात पोत्याचं एक टोक मामाजी धरायचे आणि दुसरं हा. पण तीन वर्षांपासून दोघांत अबोला होता. जोडीदाराची बायको वारली तेव्हा मामाजी तेरवीला गेले नाहीत, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. का गेले नाहीत, हे ते मामींनाही सांगत नव्हते. पिपरीत पोचलो तर मामाजी गाडीतून उतरेनात. मलाच पाठवलं. जोडीदार अंगणात वाल सोलत बसला होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, "त्याले विचारा, मायी बायको मेली तवा कुठी होता तो?" मी गाडीपाशी आलो. मामाजी म्हणाले, "सांगा, गोळ्यात बसला तं सांगतो." मी अंगणात गेलो. "कोनता गोळा?" गाडीपाशी आलो. अशा चार खेपा मी घातल्या आणि कोण कोणाला काय विचारतंय हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. अखेर जोडीदारानं वालाची टोपली आत ठेवली, चपला घातल्या आणि मागच्या सीटवर येऊन बसला. मामाजींनी आरशातून त्याला एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाले, "साडेबासष्ट. अजून तेच हाय."

परत मूल रोडवर आलो. दोघांना समोरासमोर बसवून हातपाय, छाती पट्ट्यांनी आवळली. "दोघं बी साडेबासष्ट? जुळे हाय का?" चेंडूवाल्यानं मला विचारलं. मी हो म्हणालो. त्यानं ढकललं. वर मामाजी, मग वर जोडीदार, पुन्हा मामाजी. आतून कोंडलेला आवाज येत होता, पण ते ओरडतायत, भांडतायत की रडतायत, काही समजायला मार्ग नव्हता. मी उतारावरून चेंडूमागं धावत सुटलो. आता मामी मला सोडणार नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

खाली धानाच्या तणसाच्या गंजीला लागून चेंडू थांबला. दोघं रांगत बाहेर आले. उभं राहायला गेले तर कोणाचाच तोल सावरेना, म्हणून एकमेकांच्या खांद्याला धरून गवतात बसले. जोडीदाराचे डोळे अजून फिरत होते. गोळ्यात सुरू झालेलं बोलणं पुढं नेत तो म्हणाला, "मंग त्या दिवशी तू कोनाच्या घरी रडून आला गा?"

"नाव नाई माहीत," मामाजी म्हणाले. "एसटीवर पिपरी दिसलं तं बसलो. पुढचं गोंड पाह्यलंच नाई. गोंडपिपरीले उतरलो. एका घरी मांडव होता, लोकायनं डोक्शे भादरले होते. मी लय रडलो. जेवलो बी. निघतानी फोटोले हात जोडाले गेलो तं फोटोत मिशा होत्या."

जोडीदार हसायला लागला आणि बराच वेळ हसत राहिला. मग थांबून म्हणाला, "सांगाचं होतं ना."

"लाज वाटली. अन् बाहेर सांगाले गेलो असतो तं तू उठून चालला गेला असता. गोळ्यात बांधून ठेवते."

"तिले जितेपनी तरी पाहाले याचं होतं."

मामाजी गवताची काडी मोडत म्हणाले, "एकेचाळीस होती."

"कोन?"

"तुयीवाली. दवाखान्यात. चोपन्नची बाई होती. तू डबा आनाले गेला होता, मी बसलो घडीभर. मले म्हने, भाऊ, किती झाली मी? मी म्हनलं, पन्नास हाय बाई, काई नाई झालं तुले."

त्या नजरेनं आयुष्यात एकदाच खोटं माप सांगितलं होतं, आणि तेही मला असं गवतात बसून कळलं. मला उगाच रडू आलं. मी चेंडूवाल्याला चहा कुठं मिळेल ते विचारायला गेलो.

आता मामाजी आठवड्यातून दोनदा पिपरीला जातात. त्यातल्या एकदा तरी बरोबर पिपरीला पोचतात. परवा मामींनी तक्रार केली की यांनी संध्याकाळचा भात सोडलाय, कोणाचं ऐकत नाहीत, कपडे ढगळ व्हायला लागलेत. मी मामाजींना फोनवर चांगलं झापलं. ते शांतपणे म्हणाले, "तो अठ्ठावन्नवर आला, एकाहत्तर. खोकला जाऊन नाई राह्यला. मी बी उतरून राह्यलो. पुन्यांदा गोळ्यात बसाचं म्हनते तो. जोडी बिघडाले नको."

मी विचारलं, त्यांना ठाऊक आहे का हे, अठ्ठावन्नचं?

"विचारते कधीकधी," मामाजी म्हणाले. "मी साडेबासष्टच सांगतो."