पानाकाकांचं वरून सुरू झालेलं फ्रेंच

पानाकाकांनी सगळी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली, पण उभ्या जन्मात ते कधी लिफ्टमध्ये पाय ठेवून वर गेले नाहीत. टपावर उभे राहून गेले, ते कामापुरतं. एरवी जिना. “जिचं पोट उघडून पाहिलंय, तिच्या पोटात मी शिरणार नाही,” म्हणायचे. खिशात सदानकदा पाना, म्हणून इमारतीत ते पानाकाका. पुढे ते निवृत्त झाले. पाना झाला नाही.

अशा माणसाने म्हातारपणी फ्रेंच शिकायला घेतलं, ते नातीपायी. लेक लग्न करून फ्रेंच बोलणाऱ्यांच्या देशात गेली, तिथलीच झाली. काकू दोनदा जाऊन आल्या. काका गेले नाहीत. आधी लेकीवर रुसवा होता, मग गुडघे निमित्ताला आले, आणि पुढे पुढे न जाण्याची सवयच लागली. आता नात पहिल्यांदा इकडे येणार होती, आणि तिला फ्रेंचशिवाय अक्षर येत नव्हतं. तिने आपल्याशी दोन शब्द बोलावेत, एवढीच काकांची इच्छा होती. तोंडाने मात्र ते म्हणत, “सहज शिकतोय. वेळ जात नाही.”

आता लिफ्टचं काम गच्चीवरच्या मशीनरूमपासून सुरू होतं. आधी वरचं, अवघड, मग खालचं. काकांच्या डोक्यात सगळ्या जगाचं काम असंच चालायचं. खालच्या मजल्यावरच्या फ्रेंच शिकवणाऱ्या बाईंना त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “यातलं सगळ्यात अवघड काय?”

बाईंनी सांगितलं, की क्रियापदाचं एक रूप आहे. मी आलो असतो, त्यांनी खाल्लं असतं, अशा न घडलेल्या गोष्टींचं. “पण ते जुन्या पुस्तकांत राहिलंय, काका. आता कुणी बोलत नाही. आपण ‘नमस्कार, कशी आहेस’पासून सुरू करू.”

“ते खालचे मजले. ते आपोआप होतात,” काका म्हणाले. “मला वरचं द्या.”

बाईंनी कपाळाला हात लावला आणि वरचं दिलं. तेव्हापासून काका दाढी करताना, जिना चढताना, भाजी निवडताना घोकू लागले : क झ फ्यूस व्हन्यू, क त्यू फ्यूस व्हन्यू, किल फ्यू व्हन्यू. ऐकणाऱ्याला वाटावं, माणसाला सर्दी झालीय. काकूंनी लेकीला फोन करून एकच शब्द मागून घेतला. व्हियँ, म्हणजे ये. “माझं एवढ्यावर भागेल,” त्या म्हणाल्या.

आणि भागलं की. नात दारात आली, काकूंनी हात पसरून “व्हियँ” म्हटलं, पोरगी कुशीत. मग काकांनी घसा खाकरला आणि छातीवर हात ठेवून ‘येणे’ हे क्रियापद मी-तू-तो करत अथपासून इतिपर्यंत म्हणून दाखवलं. पोरीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि ती काकूंच्या मागे दडली. त्यानंतर काका खोलीत आले की ती खोलीतून जायची. काकांनी जेवण कमी केलं. दात दुखतोय म्हणाले.

एका दुपारी लेक-जावई बाहेर गेले होते. काका नेहमीसारखे जिन्याकडे वळले होते, काकू घराला कुलूप लावत होत्या, तेवढ्यात पोरगी लिफ्टमध्ये शिरली, बटणं दाबली, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली. आतून रडणं सुरू झालं. काकू लिफ्टच्या दाराला तोंड लावून “व्हियँ, व्हियँ” ओरडू लागल्या. दार बंद, लिफ्ट अधांतरी, आणि आजी म्हणतेय ये. पोरीने टाहो फोडला.

नव्या मेकॅनिकला फोन झाला, तो निघाला होता. काकांचे हात पान्यावर शिवशिवत होते. पण त्यांच्या धंद्यात एक नियम होता : आत माणूस अडकला की एकाने दाराशी बसून बोलत राहायचं. काय बोलतो याला महत्त्व नाही, गप्प बसायचं नाही. काकांनी काकूंना बाजूला केलं, दुखरे गुडघे दुमडून फरशीवर फतकल मारली आणि होतं नव्हतं ते सगळं काढलं. आलो असतो, गेलो असतो, खाल्लं असतं, प्यायलो असतो.

जिन्यावरून बाई धावत आल्या. “काका, तुम्ही तिला ‘आपण जेवलो असतो’ सांगताय.”

“जेवू दे की,” काका म्हणाले, आणि पुढचं क्रियापद घेतलं. ते ‘पडणे’ निघालं. ते त्यांनी गुपचूप वगळलं.

रडणं हुंदक्यांवर आलं. मग आतून बारीक आवाज आला, “फ्यूस?” काका म्हणाले, “फ्यूस.” ती म्हणाली, “व्हन्यू.” काका श्वास घ्यायला थांबले तर दारावर आतून धपाधप बुक्के बसले. मेकॅनिक येऊन लिफ्ट खाली आणेपर्यंत दोघांनी मिळून ‘उतरणे’ दोनदा म्हटलं. दार उघडलं तेव्हा काकांचा चेहरा ओला होता, आणि पोरगी हसत होती.

मग काकांचं नाव फ्यूस पडलं. फ्यूसने खेळायचं, फ्यूसने बूट घालायचे, फ्यूसने न घडलेल्या गोष्टी सांगायच्या. सुट्टी भुर्रकन संपली.

निघायच्या दिवशी बॅगा लिफ्टमध्ये गेल्या, माणसं गेली. काका नेहमीसारखे जिन्याशी उभे होते. पोरीने दार हाताने अडवून धरलं आणि म्हणाली, “फ्यूस, व्हियँ.”

हा खालच्या मजल्यावरचा शब्द काकूंच्या कृपेने काकांना पाठ झाला होता. काका लेकीकडे बघत राहिले. लेक थोडी सरकली आणि तिने एका माणसापुरती जागा केली.

“पासपोर्टला किती दिवस लागतात गं?” काकांनी विचारलं, आणि ते लिफ्टमध्ये शिरले.