आयझिरेकचा उजवा हात

किर्गिझस्तानातल्या नारिनच्या डोंगरातून आयझिरेक राजधानी बिश्केकला आली तेव्हा नुकती विशीत शिरली होती. तळघरातल्या शिवणकारखान्यात तिला मशीन मिळालं. हात असा चपळ, की वर्षाच्या आत अवघड कॉलर तिच्याच वाट्याला येऊ लागल्या. मालकिणीचं नाव बुरुलचा, तीही एकेकाळी स्वतः शिवणारी. पोरी तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायच्या. सणाला ती सगळ्यांसाठी बोर्सोक, म्हणजे पिठाचे फुगीर तुकडे, तळून आणायची. त्यामुळे रशियाला माल निघायचा असला, की दिवस कितीही लांबला तरी कुणी तोंड उघडत नसे.

तिसऱ्या हिवाळ्यात आयझिरेकच्या हाताला मुंग्या यायला लागल्या. हात झटकायचा आणि पुन्हा शिवायला बसायचं. एका दुपारी शेजारच्या साइकालने झटकन तिचं मशीन बंद केलं. पांढऱ्या कॉलरवर रक्त पसरलं होतं. सुई बोटातून आरपार गेली होती आणि आयझिरेकला पत्ताच नव्हता. दुखलं असतं तर ती रडली असती. दुखलं नाही म्हणून घाबरली.

मनगटात नस दबली आहे, काम कमी केलं नाही तर हात कायमचा अधू होईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. जखम भरल्यावर ती पुन्हा कामावर आली, पण संध्याकाळी सहाला उठू लागली. बाईसाहेब निघाल्या, असे टोमणे पाठीमागून यायचे. शेवटी बुरुलचाने तिला चहाला बोलावलं.

"आम्ही काय कमी शिवलं का गं? मेलो का आम्ही?"

"मेला नाहीत, एजे. पण मागून हाक मारली तर तुम्हाला अख्खं वळावं लागतं. मान वळतच नाही तुमची."

बुरुलचाने पेला खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, तुला सहाला सोडलं तर उद्या सगळ्याच उठतील, आणि माल अडकला तर कारखान्याला टाळं लागेल. ते खोटं नव्हतं. आयझिरेकने आपली कात्री घेतली आणि ती निघाली.

आता ती बाजारात जाकिटांच्या चेन बदलून देते. अंगठ्यात जीव आलाय, दोन बोटं अजून बधिर आहेत. मागच्या महिन्यात साइकाल आली, उगाच हात चोळत बसली. आयझिरेकने तिचा हात ओढून घेतला आणि एकेक बोट चिमटत विचारू लागली, "इथं कळतंय?"

मधल्या बोटापाशी साइकाल गप्प झाली.

"उद्या दवाखान्यात जाऊ. मी येते सोबत."

साइकालने होकारार्थी मान हलवली. पण सकाळी ती कारखान्यातच गेली. माल निघायचा होता. आयझिरेक दवाखान्याच्या दारात दुपारपर्यंत उभी होती.