एससीएम, किलो आणि भाकरी

गॅसच्या ऑफिसात 'गळती' हा शब्द जपून वापरावा लागतो, पण आमच्याकडचे किस्से खरंच गळतात. ऑफिसातलं कुणीतरी टपरीवर चहा पिताना एखादा सांगतं, तो दोन दिवसांत शाहूपुरीत ऐकू येतो, आणि आठवड्याभरानं आमच्याच काउंटरवर परत येतो. तोवर त्याला नवीन पात्रं चिकटलेली असतात. म्हणून म्हटलं, मूळ माल एकदा मीच सांगून टाकतो.

सगळ्या भांडणांचं मूळ एकच. गॅस दिसत नाही, हातात धरता येत नाही, आणि आम्ही तो तीन ठिकाणी तीन मापांनी विकतो. पंपावर गाडीत भरताना किलोनं. घरात पाइपातून येतो तो घनमीटरनं, त्याला आम्ही एससीएम म्हणतो. कारखान्यात त्याच्या उष्णतेवर, म्हणजे एमएमबीटीयूनं. गॅस तोच. आता कोल्हापूरच्या माणसाला एकच वस्तू तीन मापांनी दिली तर तो मुकाट्यानं घेईल काय?

आमची माणसं सांगतो. मी बिलिंगला. घाटगे साहेब मॅनेजर, माणूस भला, "मिटवून टाका" हे त्यांचं धोरण. शिवा टेक्निशियन. आणि मगदूम मॅडम मीटरिंगच्या इंजिनिअर, शिरोळकडच्या शेतकरी घरातल्या. आवाज इतका बारीक की समोरच्याला पुढं वाकून ऐकावं लागतं. पण एकदा 'नाही' म्हणाल्या की विषय संपला.

*

गारगोटीच्या एका टेम्पोवाल्यानं नवीन सीएनजी किट बसवलं. टाकी साठ लिटरची. पहिल्यांदाच पंपावर आला, नळी लावली, आणि नऊ किलोवर मशीन थांबलं.

त्यानं किल्ली काढून शर्टाच्या खिशात टाकली आणि जाहीर केलं, टाकी भरल्याशिवाय टेम्पो हलणार नाही. मागं रिक्षांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. त्याला काही फरक पडला नाही. शेवटी मगदूम मॅडमना बोलावलं.

मॅडमनी समजावलं की साठ लिटर हे टाकीच्या आतल्या जागेचं माप. पाणी भरलं तर किती मावेल, तेवढं. गॅस आत दाबून भरतात, दाब पुरा झाला की मशीन आपोआप थांबतं, आणि आत गेलेल्या गॅसचं वजन भरतं नऊ किलो. टाकी भरलेलीच आहे.

तो सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "मग ऱ्हायलेल्या जागंत पाणी घाला की. अर्धी टाकी घेऊन गारगोटीला जायाचा न्हाय मी."

मॅडम म्हणाल्या, असंच गारगोटीला जाऊन या. वाटेत गॅस संपला तर फोन करा, मी स्वतः गाडी घेऊन येते. स्वतःचा नंबर दिला त्याला. तो कुरकुरत गेला.

संध्याकाळी परत आला. जाऊन-येऊन काटा अजून शिल्लक दाखवत होता. खाली उतरला आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गॅस बरोबर हाय ह्यांचा. पर त्या टाकीतली एक्कावन लिटर जागा मला अजून मान्य न्हाय."

*

मंगलाक्का मूळच्या गडहिंग्लजकडच्या, घरात निम्मं कानडी. राजारामपुरीत राहून आसपासच्या खानावळींना भाकऱ्या पुरवतात. पाइपचा गॅस घेतला आणि पहिलं बिल हातात आल्या आल्या काउंटरवर हजर झाल्या.

त्यांचं म्हणणं साधं होतं. "सिलिंडर संपला की मला कळतंय. ह्यो तुमचा एससीएम कधी संपतोय?"

मी म्हटलं, अक्का, एक सिलिंडर म्हणजे साधारण अठरा एससीएम धरा. त्या म्हणाल्या, का धरू? मी म्हटलं, सिलिंडरातला गॅस वेगळा, पाइपातला वेगळा. एकाचं वजन मोजतो, दुसऱ्याची जागा मोजतो. दोन्हींची उष्णता काढायची आणि मग तुलना करायची. त्या म्हणाल्या, उष्णता तू काढलीस, अठरा तू म्हणतोस, बिल पण तूच करतोस. मग मी कशाला आले?

मगदूम मॅडम मागं उभ्या राहून ऐकत होत्या. त्या अक्कांना म्हणाल्या, उद्या सकाळी तुमच्या चुलीपाशी येते.

आणि खरंच गेल्या. मीटरचा आकडा बघितला, अक्का भाकऱ्या थापायला बसल्या, मॅडम मोजायला. एक एससीएम जळेपर्यंत शंभराच्या वर भाकऱ्या झाल्या. अक्कांनी मनातल्या मनात आपल्या जुन्या सिलिंडरचा हिशेब लावला आणि मान हलवली. त्यानंतर त्यांनी कधी बिलावर शंका काढली नाही. उलट गल्लीत कुणी तक्रार केली तर त्याच सांगतात, "एका युनिटला शंभर भाकरी. तुझ्या घरात एवढं खातंय कोन ते बघ."

पुढं आम्हालाही ते सोयीचं पडलं. नवीन ग्राहकाला एससीएम समजावण्यापेक्षा भाकरी सांगितली की त्याला लगेच कळतं. मी तर माझ्या कॉम्प्युटरवर एक रकानाच केला आणि वर लिहिलं 'बीकेआर'. ती शीट एकदा चुकून हेड ऑफिसला गेली. तिकडून फोन आला, हे बीकेआर कुठलं युनिट, अमेरिकन आहे का?

फोन मॅडमनी घेतला होता. म्हणाल्या, "नाही. करवीर तालुक्याचं."

*

आता एमएमबीटीयूमधल्या 'एम'चा किस्सा. यात एक एम म्हणजे हजार आणि दोन एम म्हणजे हजार गुणिले हजार, दहा लाख. असं का, हे मला विचारू नका. इंग्रज साहेबाचं माप आहे, आपल्या गळ्यात पडलंय.

आजऱ्याला एक काजूचा कारखाना आहे, चालवतात सुलभाताई. नवरा गेल्यावर दिरांनी सांगितलं होतं की हे बाईमाणसाचं काम नाही, विकून टाक. त्यांनी विकला नाही, दुप्पट मोठा केला. काजू वाफवायचा बॉयलर लाकडावर चालायचा. तो त्यांना गॅसवर आणायचा होता. तिथवर पाइप नाही, म्हणून गॅस गाडीतून न्यायचा ठरला. त्यांची गरज आमच्या घाटगे साहेबांनी स्टोअरला फोनवर सांगितली, आणि सांगताना एक एम गिळला.

झालं, गरज हजारपटीनं लहान झाली. स्टोअरनं त्या आकड्याला शोभेल असं सामान काढून दिलं. शिवा ते घेऊन सगळा घाट-वळणांचा रस्ता पार करून आजऱ्याला पोचला, आणि दोन मजली बॉयलरपुढं उभा राहून पिशवीतनं एका घराला लावतात तेवढा मीटर बाहेर काढला.

कारखान्यातलं सगळं काम थांबलं. दीर मुद्दाम बघायला आले होते, ते हसायला लागले. शिवा सांगतो, त्याला धरणी दुभंगली तर बरं असं झालेलं. सुलभाताईंनी मीटर हातात घेतला, उलटा-सुलटा बघितला, दिरांकडं एक नजर टाकली आणि शिवाला म्हणाल्या, "ह्यावर चहा हुतोय, तेवढा पिऊन जावा. आनि साहेबास्नी सांगा, बॉयलर बाईचा असला तरी मोठा हाय."

दुसऱ्या आठवड्यात घाटगे साहेब बरोबर सामान घेऊन स्वतः गेले. दीर त्या दिवशी आले नाहीत.

*

शिरोलीच्या चौगुल्यांची गोष्ट वेगळी. त्यांची फोर्जिंगची भट्टी. गॅसवर आले तेव्हापासून त्यांचं आमच्याशी एकाच शब्दावरून भांडण: 'ग्रॉस'.

गॅस जळला की उष्णता होते आणि पाण्याची वाफही होते. त्या वाफेत जी उष्णता दडलेली असते ती धरून जो आकडा येतो तो ग्रॉस, आणि ती सोडून येतो तो नेट. आम्ही बिल ग्रॉसवर करतो. सगळीकडं तसंच करतात.

चौगुले म्हणायचे, वाफ माझ्या धुराड्यातनं वर जाते. माझ्या लोखंडाला ती कधी शिवत नाही. मग ती माझी कशी? दर महिन्याला हाच प्रश्न. एकदा तर घाटगे साहेबांना धुराड्याखाली उभं करून वर बघायला लावलं. साहेब नेहमीप्रमाणं मिटवून टाकायच्या बेतात होते, तेवढ्यात मगदूम मॅडम म्हणाल्या, "वाफ तुमचीच आहे. तुम्ही ती सोडून देताय. पकडा."

चौगुले चिडले. कुणी 'जमत असेल तर करून दाखवा' म्हटलं की त्यांना झोप येत नाही. त्यांनी वडिलांच्या वेळच्या एका जुन्या फिटरला हाताशी धरलं, धुराड्याला नळ्यांचं वेटोळं बसवलं, त्यातनं पाणी फिरवलं. पहिल्यांदा नळ्या गंजल्या. परत केल्या. दुसऱ्यांदा गळाल्या. परत केल्या. भाऊबंद म्हणाले वेड लागलंय. तिसऱ्यांदा मात्र पाणी कडकडीत तापून टाकीत पडायला लागलं.

ते पाणी त्यांनी कामगारांच्या अंघोळीला दिलं. भट्टीवर दिवसभर काम करून काळवंडलेली माणसं आता गरम पाण्यानं अंगावरची काजळी धुऊन घरी जातात. टाकीवर चौगुल्यांनी स्वतःच्या हातानं लाल अक्षरांत लिहिलंय, 'ग्रॉस'. शिफ्ट सुटली की कुणीतरी ओरडतंच, "ग्रॉसला पाणी हाय काय रं?"

बिलावर सही करताना ते अजूनही तोंड वाकडं करतात. पण प्रश्न विचारायचं बंद झालंय.

*

आता शेवटचा. आज आमच्याकडच्या प्रत्येक घरगुती बिलात आकडा थोडा कमी करणारी एक छोटी दुरुस्ती होते, ग्राहकाच्या बाजूची. ती कशी सुरू झाली, ते.

आमचं हेड ऑफिस समुद्राकाठी. कोल्हापूर समुद्रापासून बऱ्याच उंचावर. वर हवेचा दाब कमी, म्हणून तेवढाच गॅस इथं थोडी जास्त जागा व्यापतो, आणि मीटर तर जागाच मोजतो. म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरात उष्णता तेवढीच जाते, आकडा मात्र जास्त पडतो. फरक थोडा, पण प्रत्येक घराचा.

मगदूम मॅडमनी हे वर कळवलं. उत्तर आलं, सगळीकडं समुद्राकाठच्या दाबाचा एकच आकडा वापरायचा, मीटर बरोबर असल्याच्या दाखल्यावर सही करा. मॅडम म्हणाल्या, नाही. पुन्हा निरोप आला. पुन्हा नाही. सही अडली म्हणजे नवीन जोडण्या अडल्या. घाटगे साहेबांचं ब्लड प्रेशर वाढलं. मॅडमची मुलगी त्या वर्षी दहावीला, सासरे अंथरुणाला खिळलेले, आणि बदलीची कुजबुज सुरू झालेली. जेवणाच्या सुट्टीत मी एकदा म्हटलं, मॅडम, सही करून टाका, थोडाच तर फरक आहे. त्यांनी डबा बंद केला आणि म्हणाल्या, थोडा आहे म्हणूनच कुणाला दिसत नाही. मी परत तो विषय काढला नाही.

शेवटी हेड ऑफिसहून एक बडे अधिकारी स्वतः आले, गाडीनं, घाट चढून. चिडलेलेच होते. मीटिंग सुरू झाली. चहा आला, तेव्हा त्यांच्या ड्रायव्हरनं गाडीतला वेफर्सचा पुडा आणून टेबलावर ठेवला. पुडा उशीसारखा टम्म फुगलेला.

मॅडमनी विचारलं, घरून निघताना हा असाच होता का? ते म्हणाले, नाही, घाटात फुगला, नेहमीच फुगतो. मॅडमनी विचारलं, आत वेफर्स वाढले का? ते हसले, म्हणाले, वेफर्स कसे वाढतील?

"आमच्या मीटरमधनं पण असाच फुगलेला पुडा जातो, साहेब."

बड्या साहेबांनी पुड्याकडं बघितलं, मग मॅडमकडं. त्यांचा चेहरा लाल झाला. ते घाटगे साहेबांकडं वळून म्हणाले, मग तुम्ही करा सही. आयुष्यभर सगळं मिटवत आलेले आमचे घाटगे साहेब उठून उभे राहिले. म्हणाले, मीटरचं मला कळत नाही साहेब, ते मॅडमनाच कळतं.

बड्या साहेबांनी पुडा बाजूला सारला. म्हणाले, "मगदूम मॅडम, तुमची बदली समुद्राकाठी करावी लागेल."

मॅडम त्यांच्या त्या बारीक आवाजात म्हणाल्या, आणि ऐकायला साहेबांना पुढं वाकावं लागलं, "करा की. तिथं तुमचा आकडा बरोबर आहे. तिथं मी सही करीन."