तिचा दहावा आणि नातवाचे केस

त्या दिवशी मी घाटावर गेलो तो देवाशी भांडायच्या तयारीनेच. माझ्या बायकोचा दहावा होता. माझं शिक्षण चौथी, जन्म गेला दुधाचा टेम्पो चालवण्यात. बिबवेवाडीत आमची शेती होती तिथे आता इमारती उभ्या आहेत, त्यातल्याच एकीत आम्ही राहतो. मला गोड बोलता येत नाही, लिहिता तर त्याहून येत नाही. पण घडलं ते घडलं तसं सांगतो. पटलं तर घ्या.

राग दोघांवर होता. एक देव. इतकी वर्षं त्याच्यापुढे दिवा लावला आणि त्याने हिला उचललं, मला ठेवलं. कशाला ठेवलं ते अजून कळलेलं नाही. दुसरा माझा मुलगा दिलीप. देवावरचा राग मनातल्या मनात चालतो. मुलगा समोर जेवायला बसतो, त्याचं काय करायचं?

भांडण होतं माझ्या नातवाच्या केसांवरून. सोहम बारावीला आहे. केस खांद्याच्या खाली आलेले, दाट, काळेभोर. दिलीपला ते बघवत नाहीत. सकाळी चहा प्यायच्या आधी सुरू व्हायचा, "ताई, पेपर आणता का जरा?" पोटच्या पोराला ताई म्हणायचं, आणि वर स्वतःच हसायचं. सूनबाईंचं निराळं. लग्नाकार्यात फोटो निघाला की त्या पोराला मागच्या रांगेत ढकलायच्या. सोसायटीत कुणी तरी विचारलं म्हणे, तुमची मुलगी कितवीला आहे? त्या दिवशी घरात सुतक लागल्यासारखं जेवण झालं. मला तर नवल वाटतं या आईबापांचं. पोराच्या डोक्यात आत काय चाललंय ते कधी विचारत नाहीत. बाहेर काय वाढलंय त्यावर मात्र रोज पंचायत. वळण नाही, संगत वाईट, पुढे नोकरी कोण देणार. मी एकदा दिलीपला म्हटलं, "अरे, देव्हाऱ्यात बघ. एका तरी देवाने बारीक कट मारलाय का?" तर म्हणतो, "अण्णा, देवांना इंटरव्ह्यू द्यायचा नसतो."

आता ते केस वाढले कसे, हे सांगायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी हिच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात पडला. बोटं अशी मिटली की उघडेनात. व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची, तिने दाबायला रबरी चेंडू दिला. हिने तो भिंतीवर फेकून मारला, डाव्या हाताने. म्हणाली, मी काय कुत्रं आहे का चेंडूशी खेळायला? मग एके दिवशी सोहम हिच्यापुढे पाठ करून खाली बसला आणि म्हणाला, "आजी, वेणी घाल." तेव्हा त्याचे केस मानेपर्यंतच होते, कापायचे राहून गेले म्हणून वाढलेले. हिने ते मुठीत धरले, सुटले, परत धरले. रोज तेच. केस वाढत गेले तशी हिची बोटं उघडत गेली. शेवटी शेवटी वाकडीतिकडी का होईना, तीन पेडांची वेणी घालायची. पोरगं ती तशीच पाठीवर टाकून दिवसभर अभ्यास करायचं. दिलीपला हे सगळं माहीत होतं. माहीत असून तो म्हणायचा, "आईला टाइमपास पाहिजे तर बाहुली आणून देतो."

आणि आता ही गेली, तर तिच्याच दहाव्याला त्याला वस्तरा सापडला. आदल्या संध्याकाळी म्हणाला, "उद्या सोहमपण केस काढेल. आजीसाठी एवढं करायलाच पाहिजे." मी म्हटलं, "आईबाप जिवंत असलेल्या पोराचं डोकं भादरायची आमच्यात पद्धत नाही. तू मेलायस का?" माझी बहीण कुसुम म्हणाली, "दादा, तोंड आवर." मी नाही आवरलं. जे वर्षभर दटावून झालं नाही ते हा आईच्या मरणाच्या आडून करणार होता. ही पोराच्या केसांत बोटं घालून बरी होत होती, आणि हिच्याच नावाने ते केस गटारात जाणार होते. मला रात्रभर त्याचीच आग.

सकाळी घाटावर न्हाव्याने दिलीपचं डोकं केलं. आमच्यात बाप जिवंत असेल तर मिशी ठेवतात, म्हणून त्याची मिशी राहिली. मी जिवंत असल्याचा त्याच्या तोंडावर तेवढाच पुरावा. सोहम बाजूला उभा होता, केस मागे बांधून. मी त्याच्या आणि न्हाव्याच्या मध्येच उभा राहिलो होतो, काठी घेऊन. गुरुजींनी विधी केला, पिंड मांडले. शेजारी हिच्या आवडीचं ठेवलं, गुळाची पोळी, कपात चहा आणि मिश्रीची पुडी. मग आम्ही सगळे मागे सरलो आणि कावळ्याची वाट बघू लागलो. पिंडाला कावळा शिवला की जीव सुटला, नाही शिवला तर इच्छा अडकली, एवढं आम्ही धरून चालतो.

कावळा येईना. कबुतरं ढिगाने. पुण्यात आता कबुतरांना तोटा नाही, पण कबुतर चालत नाही. एक कावळा भिंतीवर बसला होता, मान वाकडी करून आमच्याकडे बघत, जसं काही त्याला आमचा हिशोब पटत नव्हता. दिलीप हात जोडून म्हणाला, "आई, अण्णांना नीट सांभाळीन." कावळा बसूनच. कुसुम म्हणाली, "वहिनी, देवीची ओटी भरते गं." सूनबाई म्हणाल्या, "तुमच्या साड्या मी कुणाला देणार नाही." काही नाही. ऊन चढायला लागलं. गुरुजींना पुढचं काम होतं, ते घड्याळ बघायला लागले.

तेवढ्यात कुसुम बोलून गेली, "तिचा जीव पोराच्या केसांत अडकला असंल." तिच्या मनात काय होतं देव जाणे. पण दिलीपने तो शब्द झेलला. मोठ्याने म्हणाला, "आई, सोहमचे केस काढतो. आत्ता काढतो. आता तरी ये." भावकीतले सगळे म्हणायला लागले, हो हो, तेच असणार, काढून टाका. मी काठी आपटली. म्हटलं, "खबरदार! जिने दोन वर्षं ते केस विंचरले ती ते कापायला अडून बसेल का? डोकी आहेत का तुम्हाला, का ती पण न्हाव्याला दिली?"

कुणी ऐकेना. आणि मग सोहमच पुढे आला. माझ्या हातातली काठी धरून हळू म्हणाला, "आबा, राहू दे. आजी खरंच अडकली असेल तर? केस काय, परत येतील." त्याचे डोळे भरले होते. बापाच्या दटावणीला वर्षभर न वाकलेलं पोरगं आजीच्या नावाला वाकलं. तो जाऊन न्हाव्यासमोर बसला आणि त्याने स्वतःच केसांचा रबर काढला. सगळी मंडळी त्याच्याभोवती गोळा झाली, जसं काही तिथेच लग्न लागतंय. पिंडाजवळ मी एकटा राहिलो.

मी तेव्हा देवाला काय काय बोललो ते छापण्यासारखं नाही. बायको नेलीस, तिच्यामागे एवढं एकच तिच्या हाताचं राहिलं होतं, तेही पोराकडून काढून घेतोस, तेही त्याच्याच तोंडून हो म्हणवून. तुला देव कोण म्हणतो? असं बरंच. बोलून बोलून तोंड कोरडं पडलं. मग बोलायचं संपलंच. मी पायरीवर बसलो, काठी बाजूला ठेवली. हातसुद्धा जोडले नाहीत. एवढंच म्हटलं, देवा, माझं काही चालत नाही, तुझं तू बघ.

आणि कावळा उतरला. फडफडत नाही, गडबडीने नाही. चालत आला. आधी मिश्रीच्या पुडीला चोच मारली, ती उलटी केली. मग पिंडात चोच घातली, भात उचलला आणि उडून गेला. मी बघत राहिलो. नंतर भान आलं तसा ओरडलो, "शिवला! थांबा! शिवला!"

न्हाव्याने सोहमचे केस भिजवून वस्तरा उघडला होता. सगळे धावत आले. दिलीपने पिंड बघितला, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "अण्णा, हे तुम्ही हाताने मोडलंय."

मी आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलं आहे. पण आईच्या पिंडाशी बाप खोटं वागला असं मुलगा म्हणतो, हे पहिल्यांदाच ऐकलं. आणि खरं सांगायचं तर साक्षीला माझ्याकडे होतं कोण? सगळे तर वस्तऱ्याकडे तोंड करून उभे होते.

तेव्हा पलीकडच्या पायरीवरून आवाज आला, "त्यांनी नाही मोडला. कावळाच शिवला. मी बघितलं." एक म्हातारी बसली होती. तिचंही तिथे दहाव्याचंच काम होतं, पिंड मांडलेला, सोबत एकच माणूस. ती चिडूनच बोलली, "सकाळपासून आम्ही ताटकळतोय. आमच्याकडे यायचा तो तुमच्याकडे गेला मेला, आणि तुम्ही बापाला चोर ठरवताय? जनाची नाही तर त्या पोराची तरी लाज धरा."

गुरुजी म्हणाले, "शिवला म्हणजे शिवला. आटपा, आंघोळी करा." न्हावी वस्तरा हातात घेऊन तसाच, म्हणाला, "मग ह्यांचं काय करू? ओले केलेत केस."

"वाळतील," मी म्हटलं.

आमचे लोक पांगले तरी मला तिथून हलवेना. मी त्या म्हातारीपाशी गेलो. म्हटलं, "बसू का तुमच्याजवळ? तुमचा कावळा येईपर्यंत?" ती म्हणाली, "बसा की. घाट काय माझ्या बापाचा आहे?" तिचा भाऊ गेला होता. बायको नाही, मूल नाही. डोकं करायलासुद्धा घरात कुणी नव्हतं, लांबचा एक भाचा तेवढा आलेला. मी हातातलं पाण्याचं भांडं तिच्यापुढे धरलं तर तिचा हात भांड्याच्या शेजारून हवेत गेला. दुसऱ्यांदाही गेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तिच्या दोन्ही डोळ्यांत सारा पडला होता, पांढरा पडदाच. हातभरावरचं भांडं जिला दिसत नाही तिने पलीकडच्या पायरीवरचा कावळा बघितला होता. मी तिला काही विचारलं नाही. अजून कुणाला सांगितलंही नाही, इथे पहिल्यांदाच लिहितोय. भांडं तिच्या हातात नीट दिलं आणि ती पाणी पिईपर्यंत धरून राहिलो.

तिचा कावळा शेवटपर्यंत आला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. असं करतात, त्याने भागतं. म्हातारी म्हणाली, "गवताचा तर गवताचा. पोचेल तो पण." तिने ना रडारड केली ना देवाला एक शब्द बोलली. मी मात्र बसल्या जागी वितळलो. माझं काय पुण्य होतं तिच्यापेक्षा जास्त? मी तर शिव्या देत होतो. लोक लांब गेले म्हणून कावळा उतरला असेल, असेलही, मी वाद घालत नाही. पण मी भांडत होतो तोवर तो भिंतीवर बसून होता, आणि मी हात टेकले तेव्हा आला, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी न्याय मागायला गेलो होतो. तो मिळाला असता तर त्या बाईलाही मिळाला असता. मला मिळाली ती नुसती दया. ती कुणाला का मिळते आणि कुणाला का नाही, हे विचारायचं काम माझं नाही, इतकंच मला कळलं.

दिलीप आला तेव्हा मी तिथेच होतो. "अण्णा, चला, ऊन झालंय," म्हणाला आणि माझ्याशेजारी बसला. त्याच्या बोडक्या डोक्यावर वस्तरा लागून रक्त सुकलं होतं. राग गेला होता असं नाही, खोटं कशाला लिहू. आजही केसांचा विषय निघाला की आमच्या घरात भांडी वाजतात. पण मी माझा रुमाल ओला करून त्याच्या डोक्यावर दाबला, तसा तो माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडायला लागला. आई गेल्यापासून तो रडलाच नव्हता. दुसऱ्या बाजूला सोहम येऊन बसला, त्याच्या केसांचं पाणी माझ्या सदऱ्यावर ठिबकत होतं. एका हाताखाली तिच्या मुलाचं भादरलेलं डोकं, दुसऱ्या खांद्यावर तिच्या नातवाचे ओले केस. मला ज्याने मागे ठेवलं, त्याला मी त्या पायरीवर हात जोडले. कशाला ठेवलंस, ते त्या दिवसापुरतं विचारलं नाही.